सोळाची सांगितली, सहाची आणली

...नाही, पण मला एक सांगा, सहा काय आणि सोळा काय, शेवटी वायरच ना ती? वरून प्लास्टिक, आतून तांबं, या टोकाला बटण, त्या टोकाला दिवा, दाबलं की लागला! यात डोक्याला हात लावून बसण्यासारखं काय आहे? पण नाही! तुम्हाला सांगतो, आमच्या घरात कुणाचं लग्न ठरवतानासुद्धा एवढी चर्चा झाली नव्हती, जेवढी त्या वायरच्या जाडीची झाली. आणि आता जो तो माझ्याकडं बघतो ते असं बघतो... जाऊ दे. मी आपला वायरबद्दल बोलतोय हं. फक्त वायरबद्दल.

आधी घर सांगतो, त्याशिवाय कळायचं नाही तुम्हाला. पुढं रस्ता, रस्त्याला लागून माझी बाइंडिंगची खोली. मी पुस्तकं बांधतो. फाटकी, तुटकी, पानं निसटलेली कुणी आणून दिली की शिवायची, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, दाबात ठेवायची, परत द्यायची, छत्तीस वर्षं झाली. त्या खोलीच्या मागं स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मागं अंगण, अंगणात पाण्याची टाकी, आणि पार टोकाला कंपाउंडला पाठ टेकून बसलेली एक लांबट खोली. त्यात माझे पुठ्ठे, कागदाचे गठ्ठे, आणि एक मोडकी सायकल, जी कुणाची आहे ते आजतागायत कळलेलं नाही. घरात माणसं चार. मी, आमची ही, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. धाकटा म्हणजे थोडाथोडका नव्हे, अठरा वर्षांनी धाकटा! आई गेली तेव्हा सात वर्षांचा होता, वडील तर त्याआधीच गेलेले. आमची ही लग्न होऊन या घरात आली, पिशवी अजून खाली ठेवली नव्हती तिनं, तर हा समोर उभा, दोन्ही हातांत दोन बूट, 'वहिनी, मला नाडी बांधता येत नाही.' झालं! त्या दिवसापासून तिनं बांधली, ती याच्या मिशा फुटेपर्यंत बांधली. आम्हाला मूल झालं नाही. लोक विचारायचे, हळहळायचे. आम्ही म्हणायचो, झालं नाही कसं? हे काय, सात वर्षांचं झालंय, बुटांसकट!

मोठा झाला, पाट्या रंगवायला लागला. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या पाट्या, 'येथे गाडी लावू नये'. अक्षर असं की लोक पाटी बघायला थांबायचे आणि नेमकी तिथंच गाडी लावायचे. मग त्याचं लग्न झालं, धाकटी आली. पोरगी गुणाची हो, उगाच नाव ठेवणार नाही मी. हातात जादू! पाव करते, केक करते, बिस्किटं करते, आणि ते सगळं घरोघरी जायला लागलं, ऑर्डरी यायला लागल्या. मग काय विचारता! ओट्यावर ट्रे, फ्रिजवर ट्रे, जिन्यावर ट्रे, एक ट्रे माझ्या दाबयंत्रावर! एका वकिलाचा जाडजूड ग्रंथ बांधायला आला होता, त्याला महिनाभर व्हॅनिलाचा वास. मला वाटलं, वकील आता मलाच कोर्टात खेचणार. तर येऊन म्हणतात, 'पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला हो!'

चाललं होतं की नाही छान? सात वर्षं चाललं होतं. आणि एक दिवस जेवताना हा म्हणतो, ताटातून मान वर न करता, 'दादा, ती मागची खोली आहे ना...' म्हटलं, 'आहे.' 'तिथं आम्ही राहायला जावं म्हणतोय.' म्हटलं, 'कोण आम्ही?' 'आम्ही दोघं. हिला ओव्हन मोठा घ्यायचाय. स्वयंपाकघर तिथंच करू. आंघोळीचं पण तिथंच. म्हणजे तुम्हाला त्रास नको.' त्रास! मला म्हणतो त्रास नको! मी आमच्या हिच्याकडं बघितलं, तर ही म्हणते, 'बरं होईल रे, तुम्हालाही मोकळं होईल.' बाई इतक्या सहज म्हणाली की मला वाटलं, हिला नीट ऐकू आलेलं नाही. मी म्हटलं, 'जेवायला?' तर धाकटी हळूच म्हणाली, 'भाऊजी, जेवण तिथंच करू की.' आणि मग सगळे जेवायला लागले. मीही जेवलो. काय जेवलो ते विचारू नका.

बरं, जायचं तर जा. मी कोण अडवणारा? चाळीस पावलं! चाळीस पावलांवर कुणी परदेशी जातो का? भाऊ डोळ्यांसमोर, अंगण एकच, टाकी एकच, मीटरही एकच. फक्त मेन बोर्डातून एक वायर काढायची, अंगणातून न्यायची आणि तिकडं छोटं बोर्ड बसवायचं, म्हणजे मेन बोर्डाचं पिल्लू म्हणा ना. त्या पिल्लातून त्यांचे दिवे, पंखे, ओव्हन, गिझर, शेगडी, सगळं. त्यासाठी वायरमन बोलावला. आमच्या भागात त्यांना नियमकाका म्हणतात. माणूस असा की तुम्ही 'नमस्कार' म्हणालात तर आधी हात कोरडे आहेत का बघेल. आले, कानावर पेन्सिल, हातात टेप, अंगणातून भिंतीभिंतीनं मोजत निघाले, टाकीला वळसा घातला, वर चढले, खाली उतरले, आणि म्हणाले, 'अडतीस मीटर.' मग धाकटीला समोर बसवलं. 'बाई, काय काय चालवणार?' ती सांगतेय, हे लिहितायत. ओव्हन. लिहिलं. गिझर. लिहिलं. शेगडी, मिक्सर, फ्रिज, पुढंमागं एसी... मी मधेच म्हटलं, 'अहो, दोन दिवे आणि एक पंखा असणार हो!' त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बेरीज केली, भागाकार केला, आणि कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या : सोळा.

म्हणजे सोळा चौरस मिलिमीटर. वायरच्या आतल्या तांब्याची जाडी हो! ती तशी मोजतात. मी म्हटलं, 'काका, सोळा म्हणजे फारच होतंय. माझ्या अख्ख्या घराला मीटरवरून येणारी तेवढीच आहे!' तर म्हणाले, 'मालक, दोन गोष्टी बघायच्या असतात. त्या टोकाला ओढणार किती, आणि ते टोक आहे किती लांब. जवळ असतं तर दहाची चालली असती. पण जितकं लांब जायचं, तितकी जाड लागते. बारीक टाकलीत तर अर्धा जोर वाटेतच जातो, आणि वायर तापते. ती बोलत नाही, आतल्या आत तापते. आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.'

वायरबद्दल बोलत होते ते. मीही वायरबद्दलच बोलतोय.

आता खरं सांगू? इथं आपणच आहोत म्हणून सांगतो. तो सोळा आकडा मी पुन्हा पुन्हा बघितला. कारण मला त्यात काय दिसलं माहितेय? मला त्यात शेगडी दिसली. गिझर दिसला. मला दिसलं की या जाडीची वायर एकदा तिकडं गेली, की त्या पोराला या घरात यायचं कारण उरत नाही. आंघोळ तिकडं, चहा तिकडं, जेवण तिकडं. सोळाची वायर म्हणजे कायमचं गेले. आणि बारीक असली तर? बारीक असली तर दिवे लागतील, पंखा फिरेल, रात्री झोपायला जातील बापडे, आणि सकाळी चहाला, दुपारी जेवायला, संध्याकाळी... येतील की! कुठं जातील?

मी धाकट्याला म्हटलं, 'तू कामावर जा, वायर मी आणतो.' तो म्हणाला, 'दादा, सोळाची हं.' म्हटलं, 'अरे, मी काय कुक्कुलं बाळ आहे?' आणि गेलो दुकानात. दुकानदारानं विचारलं, 'कितीची?' माझ्या खिशात काकांचा कागद, त्यावर दोन रेघा मारलेला सोळा. आणि मी म्हटलं, 'सहाची.' दुकानदार म्हणाला, 'लोड काय आहे?' म्हटलं, 'दोन दिवे, एक पंखा.' तो म्हणाला, 'मग तर सहाचीही जास्तच होतेय काका!' ऐकलंत? जास्त होतेय म्हणाला! त्याच्या तोंडचं ते एक वाक्य मी प्रसादासारखं घरी घेऊन आलो.

नियमकाकांनी वेटोळं हातात घेतलं, वजन केल्यासारखं जरा वरखाली केलं, आणि खाली ठेवलं. 'ही सहाची आहे. मी टाकणार नाही.' म्हटलं, 'काका, थोडं इकडंतिकडं...' तर पिशवी उचलली, पेन्सिल कानावर ठेवली, निघाले. दारातून वळून म्हणाले, 'जबाबदारी तुमची.' म्हटलं, 'जा जा, जगात तुम्ही एकटेच वायरमन नाही!' आणि दुसरा आणला. त्याचं नाव मी ठेवलं होतं होऊनजाईल. कारण काहीही विचारा, 'होऊन जाईल!' सहाची चालेल का? 'होऊन जाईल!' मधे वायर कमी पडली तर? 'जोड मारू, होऊन जाईल!' भिंतीला ओल आहे... 'होऊन जाईल!' असा माणूस, तुम्हाला सांगतो, ऐकायला फार गोड वाटतो. दुपारभरात त्यानं वायर पाइपात घातली, टाकीजवळ एक जोड मारला, वरून गिलावा फासला. सहा की सोळा, कोण बघायला येतंय? धाकटा संध्याकाळी आला, पाइपावरून हात फिरवून म्हणाला, 'झालं पण? सोळाची मिळाली ना दादा?' म्हटलं, 'मिळाली.'

गेले राहायला. पहिल्या संध्याकाळी आमच्या हिनं सवयीनं चार ताटं मांडली. मग दोन उचलली, पुसली, परत फळीवर ठेवली. ताटं कोरडीच होती हो, पुसायचं काय होतं त्यांत? मी खिडकीतून बघितलं तर तिकडं दिवा लागलेला. छान लागलेला. मला उगाच वाटलं, सहाच्या वायरलाही एवढं नीट काम करायची काय गरज होती?

पण मग, अहाहा! चौथ्या दिवशी मोठा ओव्हन आला. तो लावला आणि दिवे एकदम मान टाकल्यासारखे पिवळे पडले. वर गिझर लावला, तर खाट्! बोर्डातला खटका पडला, तो एमसीबी म्हणतात ना, तो. सगळं बंद. आणि धाकटी अंगणातून पळत येतेय, हातात भांडं, भांड्यात फेटलेलं पीठ, 'भाऊजी, परत गेली! वहिनी, तुमचा ओव्हन घेऊ का जरा?' म्हटलं, 'अगं ये ये! विचारतेस काय? स्वयंपाकघर काय पळून चाललंय?' दुसऱ्या दिवशी पुन्हा खाट्. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेगडी लावली की खाट्! मग संध्याकाळी धाकटा यायचा, 'वहिनी, इथंच जेवू का आज?' आणि चार ताटं! तिकडं दिवे मंदावले की इकडं माझा चेहरा उजळायचा! मी तर संध्याकाळी कान देऊनच बसायला लागलो, खटका पडल्याचा आवाज येतो का. अडीच महिने, तुम्हाला सांगतो, अडीच महिने मी जेवढा सुखी होतो तेवढा त्या पोराच्या लग्नातसुद्धा नव्हतो. धाकटी बिचारी हैराण. 'भाऊजी, काय दोष असेल हो?' मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, 'विजेचं काही सांगता येत नाही बाई.' किती नालायक माणूस असतो बघा! म्हणजे... मी वायरबद्दल बोलतोय.

मग आली ती शाळेची ऑर्डर. वार्षिक समारंभ, चारशे मुलांना प्रत्येकी एक पाव आणि एक छोटा केक. पोरगी नाचलीच! एवढी मोठी पहिलीच. पण सगळं एकदम चालायला हवं, मधे खाट् होऊन चालणार नाही. धाकट्यानं नियमकाकांना फोन लावला. मी तिथंच, एक जुना शब्दकोश शिवत बसलेलो. फोनवर काका म्हणाले, ते मलाही ऐकू आलं, आवाजच तसा त्यांचा, 'ती वायर मी टाकलेली नाही, तुमच्या दादांना विचारा. सोळाची असेल तर मोठा खटका बसवता येईल, त्रेसष्ट अँपिअरचा. नसेल तर अजिबात हात लावू नका. लहान खटका पडतोय तो तुम्हाला वाचवायला पडतोय.' धाकट्यानं फोन खाली घेतला, माझ्याकडं बघून म्हणाला, 'दादा, सोळाचीच आहे ना?'

आता इथं थांबा जरा.

इथं एकच शब्द म्हणायचा होता. 'नाही.' बस्स. 'नाही रे, चुकून सहाची आली.' चुकून म्हटलं असतं तरी चाललं असतं! शिव्या खाल्ल्या असत्या, दुसऱ्या दिवशी दुसरी वायर आणली असती. माझ्या हातात सुई होती, सुईत दोरा होता, समोर तो उभा. आणि मी म्हटलं, 'हो.' तुम्ही म्हणाल, का? अहो, मलाच माहीत नाही का! अडीच महिन्यांचं खोटं होतं, ते उलगडायचं कुठून? वाटलं, इतके दिवस काही झालं नाही, आता काय होतंय? वाटलं, होऊन जाईल! बघा, त्या माणसाचा शब्द माझ्या तोंडी कसा बसला! आणि तो मोठा खटका बसवायला आला कोण? तोच, होऊनजाईल. त्याला तर माहीत होतं, आत सहाची आहे. त्यानंच घातलेली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पाण्याच्या टाकीकडं बघितलं. खटका बसवला आणि गेला.

ऑर्डरीचा दिवस. दुपारचे चार. सकाळपासून एकदाही खाट् नाही! अंगणभर पावाचा वास, धाकट्यानं काम बंद ठेवलेलं, ट्रे उचलतोय, ठेवतोय, मी पुढं खळ लावत बसलेलो. आणि पावाच्या वासात दुसराच एक वास आला. केस जळल्यासारखा. मला कुणी सांगावं लागलं नाही. मी उठलो आणि धावलो, हाताला खळ तशीच. चाळीस पावलं म्हणत होतो ना मी? चाळीस पावलं किती लांब असतात ते तुम्ही धावल्याशिवाय कळणार नाही. टाकीजवळचा गिलावा काळा पडलेला, त्यातून धूर, आणि आत बोर्डातून ज्वाळा. आणि अक्कल बघा माझी! मेन स्विच माझ्या डोक्यामागं होता, माझ्याच खोलीत, हात वर केला असता तर बंद! त्याच्यासमोरून धावत गेलो मी! बंद केला तो आमच्या हिनं, स्वयंपाकघरातून येऊन. तोपर्यंत तिकडं धाकटी कोपऱ्यात अडकलेली, दार आणि तिच्यामधे ते पेटलेलं बोर्ड. धाकट्यानं बोर्डाचं लोखंडी झाकण उजव्या हातानं धरून बाजूला ओढलं, तिला बाहेर ढकललं. झाकण लालभडक झालेलं. त्यानं ते सोडलं नाही, ती बाहेर पडेपर्यंत.

नाही हो. नव्हतो मी वायरबद्दल बोलत. कधीच नव्हतो.

दवाखान्यातून आलो तर नियमकाका अंगणात उभे. कुणी बोलावलं होतं कोण जाणे, की वासावर आले. त्यांनी गिलावा फोडला, पाइपातून वायर ओढून काढली. जोडाजवळ कोळसा झालेला, पण पुढचं टोक चांगलं होतं. वायरवर आकडा छापलेला असतो, माहितेय तुम्हाला? हातभर अंतरावर, पुन्हा पुन्हा छापलेला असतो. त्यांनी तो वाचला, आणि टोक धाकट्याच्या डाव्या हातात दिलं. उजव्याला पट्टी होती. त्यानं वाचलं. 'दादा,' म्हणाला, 'ही सहाची आहे.' मी म्हटलं, 'हं.' त्यानं आधी वायरकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग म्हणाला, 'पैसे वाचवलेस होय रे? मला मागायचे होतेस.'

आणि मी मान हलवली! कळतंय का तुम्हाला? मी हो म्हटलं! त्याला वाटलं, दादा चिक्कू आहे. वाटू दे. चिक्कू भावाला माणूस कधीतरी माफ करतो. पण 'तू जेवायला यावंस म्हणून मी तुझं घर पेटवलं', हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मागं आमची ही उभी होती. तिला कळलं. छत्तीस वर्षं बघतेय ती मला, मी पैशासाठी असं करणार नाही हे तिला पक्कं ठाऊक. ती आत गेली, आणि त्यानंतर अकरा दिवस माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. बाराव्या दिवशी बोलली ते एवढंच, 'मी त्या हाताला लिहायला शिकवलं होतं.'

गेले ते. भांडून नाही हो, भांडले असते तर बरं झालं असतं! नीट सांगून, पाया पडून, सामान बांधून गेले. गावाच्या दुसऱ्या टोकाला दुकान मिळालं, मागं राहायची खोली. आमची ही बुधवारी जाते, हसत परत येते, हातात पाव असतो. म्हटलं, 'रविवारी आपण दोघं जाऊ.' तर म्हणाली, 'तुमचं तुम्ही निस्तरा.' म्हणून मी एकटा जातो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानाबाहेर थांबलो. पाटी वाचत. त्यानंच रंगवलेली. हात बरा झालाय, पण दोन बोटं पुरती वळत नाहीत, आणि अक्षरं... चांगली आहेत. कुणी म्हणेल, चांगली आहेत. फक्त ओळ जराशी खाली उतरत गेलीय शेवटाकडं. आत गेलो. 'या दादा,' म्हणाला. 'ये' नाही हो, 'या'! जन्मात मला अहोजाहो केलं नव्हतं त्यानं. खुर्ची पुसून दिली. पंखा लावला. पोरानं मला बसायला खुर्ची पुसून दिली! मी म्हटलं, 'गिऱ्हाईक कसं आहे?' 'बरं आहे.' 'ऊन फार आहे.' 'हो, फार आहे.' संपलं बोलणं. तेवढ्यात धाकटी चहा करायला उठली, आणि आतून विचारलं, अगदी आदरानं, 'भाऊजी, साखर किती घालू?'

आता तुम्हाला सांगतो. मला मधुमेह आहे. नऊ वर्षं झाली. आणि ही धाकटी घरात आल्या दिवसापासून माझा बिनसाखरेचा चहा वेगळ्या पातेल्यात तिनं केलाय, सात वर्षं, सकाळ-संध्याकाळ. मी बिस्किटाला हात लावला तरी डबा उचलून न्यायची! ती विचारतेय, साखर किती? विसरली असेल? सहा महिन्यांत विसरतं माणूस? की पाहुण्याला विचारायचं असतं म्हणून विचारलं? मी सांगू शकलो असतो, अगं, मला चालत नाही. पण सांगितलं असतं, तर ती खरंच विसरली होती का, ते तिच्या तोंडावर दिसलं असतं मला. ते बघायची माझी हिंमत नव्हती. मी म्हटलं, 'तुम्ही दोघं घेता ना, तेवढीच घाल.'

प्यायलो. फार गोड होता.

तेव्हापासून दर रविवारी जातो. तीच खुर्ची, तोच पंखा, तोच प्रश्न, तेच उत्तर. मागच्या रविवारी जरा बरं गेलं, पंचवीस मिनिटं बसलो, निघताना म्हणाला, 'सावकाश जा, दादा.' 'जा' म्हणाला. 'जा' की 'जावा', नीट ऐकू आलं नाही, मागून गाडी गेली. पण बहुतेक 'जा'च.

काल रक्ताची तपासणी होती. डॉक्टर आकडा बघून ओरडलेच, 'अहो, एवढी कशी वाढली? काय खाताय काय तुम्ही? आजपासून साखर पूर्ण बंद!' म्हटलं, डॉक्टर, सोमवार ते शनिवार तुम्ही म्हणाल ते बंद करतो. रविवारचं तेवढं औषध वाढवून द्या.